पकडीचा हिशोब

बाईंच्या घरात चालू वर्षाचं कॅलेंडर मी कधी पाहिलं नाही. भिंतीवर असायचं ते कुठल्यातरी जुन्या सालातलं, कडा पिवळ्या पडलेलं, तरी त्यातले वार आणि तारखा आजच्याशी चोख जुळायच्या. काही वर्षांनी सगळे वार फिरून त्याच तारखांवर येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जन्म गणित शिकवण्यात गेलेला. जुनी कॅलेंडरं गुंडाळून त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवली होती आणि दर जानेवारीत त्यातलं नेमकं एक बाहेर निघायचं. पंचाईत फक्त एकादशी-चतुर्थीसारख्या तिथींची व्हायची. मग बाई ओट्यावर येऊन समोरच्या भाभींना हाक मारायच्या, "भाभी, ग्यारस आज है के कल?" भाभींकडे नवं कॅलेंडर होतं. दोन घरांत मिळून एक पुरे, असं बाईंचं म्हणणं.

मी खंडव्याहून इंदूरला नोकरीसाठी आलो आणि जुनी इंदूर या भागात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. माझी विम्याची कचेरी भंवरकुआंच्या बाजूला होती. खोली बघायला गेलो तेव्हा खालच्या मजल्यावर बसायलाच जागा नव्हती. सगळीकडे भांडी. माणूस आत बसेल एवढी पातेली, कढया, पराती, झारे, पाण्याची पिंपं. बाईंचे यजमान एका कापडगिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लग्नाकार्याला भांडी भाड्याने द्यायचा धंदा काढला आणि त्यासाठी एक जुनी पिकअप घेतली. ते गेले तेव्हा बाई शाळेतून निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. मुलगा पुण्याला. त्याने धंदा बंद करायला सांगितलं. बाईंनी त्याला विचारलं, "कारण सांग."

हे त्यांचं नेहमीचं. कोणत्याही खर्चाला, कोणत्याही बदलाला त्या कारण मागत. जिन्यातला दिवा बदलायचा का, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"कारण सांग."

"अंधार असतो, बाई."

"पायऱ्या बदलतात का? त्याच आहेत ना? चार दिवसांत पायाला समजून जाईल."

समजलं, हे मला मान्य करायला हवं. पण वरच्या नळाचं पाणी कडवट लागतं म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी अख्खी टाकी उतरवून नवी बसवली. कारण पटलं की त्या हात आखडत नसत. लोक त्यांना कंजूष म्हणायचे. मला ते पुरतं पटलं नाही. कंजूष माणसाला खर्चाचं दुःख होतं. बाईंना विनाकारण खर्चाचा राग यायचा. त्या दोन्हींत फरक आहे.

वर्तमानपत्र त्या कालचं वाचत. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं वाचून झालं की तो ते दुसऱ्या दिवशी बाईंसाठी काढून ठेवायचा. "आजची बातमी उद्या बदलते," त्या म्हणत. "उद्यापर्यंत टिकली तर मी वाचते." लग्नाच्या भांड्यांचं भाडं ठरवताना तास तास घासाघीस करायच्या आणि त्यात त्यांना उघड मजा यायची. तेराव्याच्या जेवणाला मात्र भांडी फुकट. मी त्याचं कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तेराव्याला कोणी भाव करत नाही रे. समोरचा भावच करत नसेल तर पैसे मागायची मला शरम वाटते."

नात्यातले लोक सणावारी जमले की जुन्या संस्थानाच्या गोष्टी निघत. बाईंचे पणजोबा पागेत होते म्हणे, अमुक घोडा त्यांच्याशिवाय कोणाला आवरत नसे. एका चुलतभावाने तर दिवाणखान्यात तलवार लावली होती. बाई ऐकून घेत आणि शेवटी एवढंच विचारत, "आणि त्या घोड्याला नाल कोण ठोकत होतं? त्याचं नाव आहे का कोणाला माहीत?" ते कोणालाच माहीत नसायचं.

पिकअप त्या स्वतः चालवत. गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव घालायला गेल्या तेव्हा तिथल्या मास्तरांना त्यांनी सांगितलं होतं की तुमची गाडी झिजवू नका, माझ्याच गाडीवर शिकवा आणि फी कमी करा. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला पिकअपवर शिकवलं. बाई हॉर्न सहसा वाजवत नसत. काच खाली करून, मान बाहेर काढून अस्सल इंदुरी थाटात म्हणत, "भिया, जरा सरको ना." शाळेत तीस-चाळीस मुलांच्या गलक्यावर चढवलेला आवाज होता तो. लोक सरकायचे.

गाडीवर दुसरा माणूस बाबूलाल. देपालपूरकडचा, पन्नाशीचा, खांदे पसरट, बोलणं कमी. यजमानांनी धंदा काढला तेव्हापासून तो होता. मोठी पातेली एकटा डोक्यावर घेऊन तो जिना चढायचा. गाडी निघाली की तो मागे भांड्यांत बसायचा, हात पसरून, दोन्हीकडच्या चळती धरून. दोर बांधला तरी पातेली सरकतात आणि एकमेकांवर आपटून पोचे येतात, म्हणून मागे माणूस हवाच, ही यजमानांची पद्धत. बाईंनी ती तशीच चालू ठेवली. त्या बाबूलालला आप म्हणायच्या आणि नावाला जी लावायच्या. तो त्यांना बाईसाब म्हणायचा.

मला सकाळी कधी कधी त्या कचेरीपर्यंत सोडायच्या. "डिझेल तर जळणारच आहे, तू बस." अशाच एका सकाळी त्यांनी मला गप्प केलं.

"ऐक."

मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही.

"मागून. घूं करतंय. स्पीड वाढला की वाढतं, कमी केला की कमी होतं. इंजिनचं नाही ते."

संध्याकाळी त्यांनी मागचं डावं चाक जॅकवर उचललं, पुढच्या चाकांना दगड लावले आणि उचललेलं चाक वर-खाली धरून हलवलं. आत काहीतरी टक टक हललं. ब्रेकच्या ड्रमखाली तेल ओघळलं होतं. बाबूलाल वाकून बघत म्हणाला, "बेरिंग गया, बाईसाब."

दुसऱ्या दिवशी त्या गाडी मोठ्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या. शनिवार होता म्हणून मीही बरोबर. तिथे टाय लावलेला एक तरुण होता. त्याने गाडी पाहिली आणि सांगितलं, "मैडम, पूरी असेंब्ली बदलनी पड़ेगी."

"कारण सांगा."

"सिस्टम में ऐसा ही आता है, मैडम."

"ये कारण नहीं हुआ, भिया," बाई म्हणाल्या आणि गाडी घेऊन परत आल्या. मुलगा पुण्याहून फोनवर सांगत राहिला की विकून टाक, आता तिच्यात किती घालणार. बाईंनी तोही प्रश्न ठेवून दिला.

मग त्यांनी रिंगरोडवर एक मिस्त्री गाठला. तो म्हणाला की असेंब्लीची गरज नाही, बेअरिंग बदलू, काम होईल. इथवर सगळं ठीक होतं. आता त्या गाडीची रचना अशी की मागचं चाक एका लांब लोखंडी दांडीच्या टोकाला बसतं. ती दांडी एक्सलमध्ये आत गेलेली असते. दांडीवर आधी बेअरिंग चढवतात आणि मग त्याला चिकटून एक पोलादी रिंग दाबून बसवतात. बेअरिंग दांडीवरून सरकू नये म्हणून ती रिंग. बाकी काही नाही. मिस्त्रीने बेअरिंगबरोबर रिंगही नवी घ्यायला सांगितली. जुनी रिंग ठोकून ठोकून काढलेली त्याच्या बाकावर पडली होती. बाईंनी ती उचलली, पदराने पुसली, उजेडात फिरवून पाहिली.

"ही कशावर घासते का?"

"नहीं मैडमजी. घिसती तो नहीं."

"मग झिजली नाही. झिजली नाही तर बदलायची कशाला?"

मिस्त्रीने खांदे उडवले. "चल तो जाएगी. आपकी मर्जी."

बाईंची मर्जी झाली. मिस्त्रीने जुनी रिंग हातोड्याने ठोकून परत चढवली. मी तिथेच उभा होतो आणि मलाही बाईंचं म्हणणं अगदी बिनचूक वाटलं होतं. गाडी निघाली तेव्हा आवाज पार गेला होता. बाई त्या दिवशी खुशीत होत्या. घरी आल्यावर त्यांनी मला आणि बाबूलालला पोहे केले, वर शेव आणि जीरावन मसाला घालून, आणि टाय लावलेल्या मुलाची नक्कल केली.

लग्नाचा हंगाम होता. पिकअप रोज बाहेर जात होती. काही आठवडे असेच गेले.

त्या सकाळी बायपासकडच्या एका लॉनवरून रात्रीच्या लग्नाची भांडी उचलून आणायची होती. माझी कचेरी बंद होती, मी सहज बरोबर गेलो. भांडी भरली, बाबूलाल मागे चढला, मी पुढे बाईंच्या शेजारी. शहरात येईपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. भंवरकुआंला कोचिंगचे सकाळचे वर्ग सुटले होते, रस्त्यावर पाठीला बॅगा लावलेली मुलंमुली भरली होती. बाई अगदी सावकाश चालवत होत्या. वळण घेतलं आणि मागून काहीतरी मोठ्याने खरवडल्याचा आवाज आला. बाईंनी ब्रेक दाबला तर पाय नुसता आत गेला. गाडी डाव्या बाजूला मागे बसली, रस्त्यावर घासत थोडी पुढे गेली आणि फुटपाथला टेकून थांबली. तेवढ्यात मागची सगळी भांडी डावीकडे गेली आणि बाजूची फळी मोडून रस्त्यावर कोसळली.

मी उतरून मागे पळालो. डावं चाक दांडीसकट एक्सलमधून बाहेर सरकलं होतं आणि गाडीखाली तिरपं अडकलं होतं. रस्त्यावर पातेल्यांचा ढीग होता. बाबूलाल दिसत नव्हता.

बाई माझ्यामागून आल्या. त्यांनी ढिगाकडे पाहिलं आणि मोठ्या आवाजात, वर्गात बोलावं तसं, जमलेल्या मुलांना सांगितलं, "याच्याखाली माणूस आहे. वरून एक एक उचला. खेचू नका." कोचिंगच्या मुलांनी बॅगा टाकल्या आणि उचलायला सुरुवात केली. खालून बाबूलाल निघाला तेव्हा शुद्धीवर होता. चेहरा पांढरा पडला होता आणि उजवा हात अंगाला विचित्र लटकला होता. बाई त्याच्याजवळ रस्त्यावर बसल्या. एका मुलाने रिक्षा थांबवली.

खांद्याचं हाड मोडलं होतं, सांध्यातही इजा होती. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि हाड जुळेल असं सांगितलं. पण हात डोक्यावर नेऊन वजन उचलणं आता होणार नाही, हेही सांगितलं. दवाखान्याचा सगळा खर्च बाईंनी केला. त्याबद्दल कोणी त्यांना कारण विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

बाबूलालची बायको गावाहून आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ती बाईंना खूप बोलली. "हमारे आदमी को कबाड़े में बिठा के घुमाती रहीं आप. अब ये क्या उठाएगा? क्या खाएगा?" बाई भिंतीशी उभ्या होत्या. मला वाटलं त्या काहीतरी सांगतील, निदान मिस्त्रीचं नाव घेतील. ती थांबली तेव्हा बाई फक्त "हाँ" म्हणाल्या. मग आणलेला डबा तिच्या हातात दिला आणि आम्ही निघालो.

वाटेत मी म्हटलं, त्या मिस्त्रीकडे जायला हवं, त्याला जाब विचारायला हवा.

"त्याने विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मर्जी माझी होती."

गाडी ओढून आणून घरासमोर गल्लीत लावली होती. घरी आल्यावर बाईंनी चहासुद्धा घेतला नाही. बाहेर जाऊन त्या गाडीशी बसल्या आणि निखळलेली दांडी मांडीवर घेतली. रिंग अजून तिच्यावर होती, पण आपल्या जागेवर नव्हती. बाईंनी ती एका बोटाने ढकलली. ती सरकली. परत मागे आणली, परत ढकलली. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "बोटाने सरकते. एकदा उतरवली की हिची पकड गेली. मी झिजण्याचा हिशोब केला. पकडीचा केलाच नाही."

आवाजात काही वेगळं नव्हतं. फळ्यावर चुकलेली पायरी दाखवावी तसं त्या बोलल्या. पण मी वर गेल्यावरही त्या तिथेच बसलेल्या मला खिडकीतून दिसत होत्या. समोरच्या भाभींनी विचारलं, "क्या हुआ, बाईजी?" त्यांनी रिंग परत एकदा ढकलली.

मुलगा पुण्याहून येऊन गेला. तो चांगला मुलगा होता, आईच्या काळजीने बोलत होता. भंगारात द्या, नाहीतर आहे तशी कोणाला विका, म्हणाला.

"आहे तशी विकू?" बाई म्हणाल्या. "जो घेईल त्याच्याकडेही मागे कोणीतरी बसत असेलच ना."

बाबूलाल दवाखान्यातून सुटल्यावर बाईंनी त्याला आणि त्याच्या बायकोला आपल्याच घरी ठेवलं. भांडी गच्चीवर हलवून खालची एक खोली रिकामी केली. बायको पहिले काही दिवस बाईंशी बोलत नव्हती. स्वयंपाक मात्र दोघी एकाच चुलीवर करायच्या, आपापला. मग एके दिवशी मला खालून एकच फोडणी ऐकू आली.

हात गळ्यात बांधलेला बाबूलाल बसता-उठता झाला, तेव्हा बाईंनी गाडीचं काम काढलं. या खेपेला मिस्त्री बोलावला नाही. "उघडायचं काम आपण करू. ज्याला मशीन लागतं तेवढंच बाहेर," त्या म्हणाल्या. गल्लीत खुर्ची टाकून बाबूलालला बसवलं. मी रविवारचा मोकळा सापडलो. दुसऱ्या बाजूचं चाक काढलं, ड्रम काढला, ड्रमच्या मागच्या पत्र्याचे बोल्ट सोडले. दांडी बाहेर येईना, तेव्हा बाबूलालने खुर्चीतून सांगितलं की ड्रम उलटा लावून हाताने झटके द्या. दिले, आली. तिकडचं बेअरिंग अजून आवाज करत नव्हतं, पण बोटाने फिरवलं तर खरखरत होतं. बाईंनी ते बाबूलालच्या डाव्या हातात ठेवलं. त्याने फिरवून पाहिलं आणि मान हलवली. तेही बदलायचं ठरलं.

डावी दांडी रिंग बसते त्या जागी खरवडली गेली होती. नवी रिंगही तिथे पकड धरणार नाही, हे आता बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. नव्या दांडीची किंमत ऐकून त्या भंगारबाजारात गेल्या. अपघातात पुढून चेचलेल्या तसल्याच एका गाडीची मागची दांडी तिथे मिळाली. ती सरळ आहे की नाही हे बघायला त्यांनी दुकानदाराच्या काउंटरची काच रिकामी करायला लावली आणि तिच्यावर दांडी लाटण्यासारखी फिरवली. दुकानदार ओरडत होता, काच फुटेल म्हणून. काच फुटली नाही आणि दांडी सरळ निघाली.

ती आणि आपल्या गाडीची उजवी दांडी, दोन्ही जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर आडव्या घेऊन बाई रिक्षातून, यंत्राने रिंगा दाबून बसवणाऱ्या प्रेसवाल्याकडे निघाल्या. दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर आलेली. बेअरिंग, रिंगा, तेल अडवणारे सील, सगळं चांगल्या बनावटीचं, नवं कोरं, दोन्ही बाजूंचं. यात त्यांनी भाव केला, पण वस्तूत तडजोड केली नाही. प्रेसवाला जुनी रिंग छिन्नीने फोडत होता तेव्हा दांडीवर ओरखडा येऊ नये म्हणून त्या अगदी जवळ वाकून उभ्या होत्या. त्याने दोनदा मागे व्हायला सांगितलं. नवी रिंग प्रेसखाली दबून जागेवर बसली, तेव्हा तिचा कटकट आवाज झाला. बाईंनी ती बोटाने ढकलून पाहिली. मग अंगठ्याने. मग दोन्ही हातांनी. प्रेसवाला हसला. बाई हसल्या नाहीत.

घरी प्रत्येक पुर्जा लागायच्या आधी बाबूलालला दाखवला जायचा. "बाबूलालजी, ठीक?" तो बघायचा, वास घ्यायचा, नखाने टोचायचा आणि "ठीक" म्हणायचा. मग तो लागायचा. एक्सलवर हवा बाहेर जायची एक बारीक नळी असते, ती चिखलाने बुजलेली निघाली. तेल सीलमधून बाहेर का येत होतं, ते तेव्हा कळलं. आतली हवा कोंडून तेलाला ढकलत होती. बाईंनी ती नळी केसांच्या आकड्याने साफ केली.

चाचणीला बाईंनी आपल्या गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना बोलावलं. सगळ्यात जड पातेली निवडून मागे भरली. मास्तर चालवायला बसले, मधे मी, कडेला बाबूलाल. बाई पुढे आल्याच नाहीत. त्या मागचं फळकं धरून चढायचा प्रयत्न करत होत्या. नऊवारी नव्हे, साधं सुती पातळ, ते गुडघ्यापर्यंत खोचलेलं. शेवटी भाभींनी स्टूल आणून दिलं.

"बाई, अहो पुढे बसा," मी म्हटलं. "मी बसतो मागे."

"तू कशाला? मर्जी तुझी होती का?"

मास्तर बायपासपर्यंत गेले आणि बाबूलालच्या सांगण्यावरून वेग वाढवत गेले. बाबूलाल मान तिरपी करून ऐकत होता. मी मध्येच विचारलं, काही ऐकू येतंय का. त्याने हाताने मला गप्प केलं. मागच्या छोट्या काचेतून बाई दिसत होत्या. दोन्ही हात पसरून त्यांनी दोन्हीकडच्या चळती धरल्या होत्या. खड्डा आला की त्या उडायच्या, डोळे मिटायच्या आणि परत उघडायच्या. ऊन होतं. बाबूलालनेही एकदा वळून त्या काचेतून पाहिलं आणि मग मास्तरांना म्हणाला, "बस. घर चलो."

गल्लीत बाईंना दोघांनी धरून उतरवलं. केसांत, भुवयांत धूळ, एका कोपराला खरचटलेलं. त्या थेट बाबूलालसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बोलो, बाबूलालजी."

"आवाज नहीं है, बाईसाब."

"पक्का?"

"पक्का." त्याने वळून पाहिलं. त्याची बायको दारात उभी होती. "मगर अब मैं पीछे नहीं बैठूँगा."

"मत बैठना," बाई म्हणाल्या. "आपसे कह कौन रहा है?"

त्यांच्या मनात काय होतं ते नंतरच्या महिन्यांत कळलं. हात सुटल्यावर त्यांनी बाबूलालला त्याच मास्तरांकडे गाडी शिकायला घातलं. तो इतकी वर्षं गाडीत बसला होता, पण स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मालक चालवायचे, मग बाईसाब चालवायच्या. खांदा वर जात नव्हता, पण गाडी चालवायला तेवढा लागत नाही. सुरुवातीला तो घाबरून गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद पाडायचा आणि मागे रांग लागायची. बाई ओट्यावरून ओरडायच्या, "क्लच हळू सोडा! घाई कोणाला आहे?" त्याला मराठी समजायचं. परवाना मिळाला त्या दिवशी त्याच्या बायकोने गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा बाईंना दिला.

भांडी चढवा-उतरवायला लग्नघरची माणसं किंवा नाक्यावरचे हमाल मिळायचे. मागे धरून बसायला मात्र बाईंनी कोणाला ठेवलं नाही, त्या स्वतःच बसायच्या. भांडी भाड्याने घेणाऱ्या घरांची यामुळे फार गडबड व्हायची. लोक ड्रायव्हरला मालक समजून बाबूलालला रामराम करायचे आणि चळतींमधून उतरणाऱ्या बाईंना म्हणायचे, "काकी, जरा वो बड़ा वाला पतीला इधर रखवा दो." बाई ठेववून द्यायच्या आणि मग भाड्याचं बोलायला पुढे यायच्या. एकदा ट्रॅफिकच्या पोलिसाने अडवलं की सवारी मागे कशी बसवली. बाईंनी वरून सांगितलं, "सवारी नहीं है भिया, मैं माल के साथ हूँ." त्याने जाऊ दिलं.

मग माझी भोपाळला बदली झाली. त्यानंतर एकदा कामासाठी इंदूरला आलो होतो. सराफ्याकडून राजवाड्याकडे पायी चाललो होतो आणि सिग्नलला ती पिकअप उभी दिसली. बाबूलाल स्टिअरिंगवर, चष्मा लागलेला. शेजारची जागा रिकामी. बाई मागे, एका पालथ्या पातेल्यावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी लगेच ओळखलं, जेवायला का आला नाहीस म्हणून रागावल्या, भोपाळचं पाणी कसं आहे विचारलं.

"बाई, आता तरी पुढे बसा ना," मी म्हटलं. "जागा आहे की."

"आहे. मागे बसलं की चाकाचा आवाज बरोबर समजतो." त्यांनी चळतीवर हात ठेवला. "बाबूलालजी, हिरवा झाला. चलो."

बाबूलालने आरशात पाहिलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने घाई केली नाही, आणि गाडी इतक्या अलगद उचलली की मागचं एकही भांडं वाजलं नाही.